चिमणीची नळी लांबून न्यायची असल्यास बाहेरचे तोंड चार इंची ठेवले तर चालेल का?

खिडकीशेजारी:
आमची शेगडी आतल्या भिंतीला लागून आहे आणि बाहेरची भिंत तिथून साधारण तीन मीटरवर आहे. स्वयंपाकघर दहा बाय आठ फुटांचे असून उंची नऊ फूट आहे. घेतलेली चिमणी ताशी १२०० घनमीटर हवा ओढणारी आहे व तिचे तोंड सहा इंची आहे. बसवायला आलेल्या कारागिरांचे म्हणणे असे की, भिंतीला पूर्वीचे चार इंची भोक आहेच, तेव्हा चिमणीवर रिड्यूसर (सहा इंची तोंडाला चार इंची नळी जोडणारा निमुळता तुकडा) लावून, घडीची नळी फॉल्स सीलिंगवरून दोन वळणे देऊन तिथूनच बाहेर काढावी. ते नको असल्यास नळीशिवाय कार्बन फिल्टर लावावा, असा पर्यायही त्यांनी दिला आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बंदिस्त बाल्कनीत गॅस गीझर आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारापाना:
रिड्यूसर लावू देऊ नका. सहा इंची नळीचा छेद सुमारे २८ चौरस इंच असतो आणि चार इंची नळीचा साडेबारा. म्हणजे तेवढीच हवा न्यायची तर तिला सव्वादोन पट वेगाने पळावे लागते आणि नळीतला अडथळा सात पटींहून अधिक वाढतो. पंख्याला तो पेलवत नाही, त्यामुळे हवा कमी जाते आणि आवाज तेवढा वाढतो. भोक मोठे करायला कोअर कटिंगचे यंत्र लागते आणि ते आणायचा कारागिरांना कंटाळा असतो, खरे कारण बहुधा एवढेच.

१२०० या आकड्यावरही फार विसंबू नका. आपल्या स्वयंपाकघरात जेमतेम वीस घनमीटर हवा मावते. ती तासाला दहा-बारा वेळा बदलायची म्हटले तरी दोनशे ते अडीचशे घनमीटर पुरतात. चिमणी आपल्याला पुरून उरेल. पाहायची आहे ती नळी. सरळ भागासाठी आतून गुळगुळीत असलेली पत्र्याची नळी वापरावी, कारण घडीच्या नळीच्या प्रत्येक वळीत हवा अडखळते आणि तेलही तिथेच साचते. ती वापरावीच लागली तर पूर्ण ताणून, शेवटच्या फूटभरासाठीच वापरावी. काटकोनातले एक वळण कित्येक फूट सरळ नळीइतका अडथळा करते, म्हणून जागा असेल तिथे ४५ अंशांचे दोन तुकडे जोडावेत. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे वाफेचे पाणी शेगडीवर परत ठिबकत नाही. सांध्यांना अॅल्युमिनियमची टेप लावून घ्या. कापडी टेपचा गोंद उष्णतेने वाळतो आणि ती सुटते, आणि फॉल्स सीलिंगच्या आत सुटलेला सांधा कोणाला दिसत नाही. तिथे साचणाऱ्या तेलाला आग लागण्याचा धोका वेगळाच.

पडवी:
वरचा प्रतिसाद योग्यच आहे, पण मला त्याहून अधिक काळजी गीझरची वाटते. चिमणी जितकी हवा बाहेर फेकते तितकी कुठून तरी आत यावीच लागते. दारे-खिडक्या बंद असतील तर ती गीझरच्या धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून उलटी ओढली जाऊ शकते. मग ज्वलनाचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसह, घरात शिरतो आणि या वायूला ना रंग असतो ना वास. नळीचे काम झाल्यावर दारे-खिडक्या लावून चिमणी पूर्ण वेगाने चालवा, गीझर सुरू करा आणि त्याच्या वर, जिथून धूर नळीत शिरतो तिथल्या उघड्या फटीशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. ती खोलीकडे उडू लागली तर दोन्ही लगेच बंद करून खिडक्या उघडा आणि कायमची झरोक्याची सोय होईपर्यंत ती दोन्ही एकत्र चालवू नका. आपल्या गीझरला अशी नळीच नसेल, तर चिमणीचा विषय बाजूला ठेवून आधी तो मोकळ्या जागेत हलवा.

जुनी वही:
कार्बन फिल्टरबद्दल थोडक्यात: तो वास कमी करतो, वाफ, उष्णता आणि जळालेल्या गॅसचे वायू घरातच राहतात, शिवाय कोळसा ठरावीक काळाने बदलावा लागतो. बाहेरची भिंत तीन मीटरवर असताना त्याचा विचार करू नये. चिमणीची उंची मात्र तपासा: गॅसच्या शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर बहुधा योग्य ठरते, परंतु सोबतच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर तेच अंतिम मानावे.

खिडकीशेजारी:
सर्वांचे आभार. भोक सहा इंची करून घेत आहे आणि गीझरची चाचणीही करतो. एकच शंका उरली: पक्षी शिरू नयेत म्हणून बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावली तर चालेल का?

तारापाना:
बारीक जाळी नको, ती तेलाने लवकरच बुजते. हवेच्या झोताने उघडणाऱ्या आणि चिमणी बंद झाली की आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचे झाकण बसवा. त्या पट्ट्या चिकटतात, म्हणून चिमणीचे फिल्टर धुवाल तेव्हा बाहेर जाऊन त्याही बोटाने हलवून पाहत जा.