पाणचक्कीला मोटर लावायची म्हणे!

खामकाठ : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या ग्रुपवर इथल्या जुन्या पाणचक्कीबद्दल, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या पिठाच्या चक्कीबद्दल, एकानं लिहिलं, "उन्हाळ्यात पाणचक्की बंद असते, तिकीट काढलेले लोक हिरमुसतात. खाली मोटर बसवा, कोणाला कळतंय?" डोकं फिरलं. डोंगरातलं पाणी खापरी नळातून निव्वळ उतारावर येतं, वाटेतल्या मनोऱ्यांत नळात अडकलेली हवा सुटते, शेवटी उंच भिंतीतून हौदात कोसळतं. चक्कीच्या पोटात पात्यांचं आडवं चाक आहे. पाण्याचा मारा बसला की वरचा दगड फिरतो. बघण्यासारखं आहे ते हेच. मोटर लावून काय दाखवणार?

गुलमंडीकर : तत्त्व ठीक, पण नहर, म्हणजे डोंगरातून पाणी आणणारी ही नळवाट, दुरुस्त होईस्तोवर लोकांनी थिजलेला दगड बघायचा का? पर्यटक आला नाही तर देखभालीचा पैसा कुठून आणायचा?

चुनेवाला : नहर बिघडली कशानं, ते आधी बोला. वडा-पिंपळाची मुळं ओलीच्या वासानं सांध्यात शिरतात, नळ फोडतात, मागून गाळ तुंबतो. त्यावर सिमेंट थापतात. सिमेंट ताठ, खापर नाजूक. जमीन जरा हलली की ठिगळाशेजारी नवी चीर. तिथं चुनाच हवा. चुन्याच्या घाण्यात (दगडी चाकाखाली) मळलेला, आठवडाभर गोणपाटाखाली ओला ठेवलेला.

गुलमंडीकर : अन् नहरीवर घरं झालीत त्यांचं? उकरणार कुठं?

चुनेवाला : मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत तपासा. एकात पाणी चढतंय अन् पुढच्यात नाही, तर गळती त्या दोघांच्या मध्येच. सगळं शहर उकरायची गरज नाही. आणि शेजारचे बोअर आधी थांबवा!

खुलताबादी : सगळे चक्कीवरच भांडताय. ही जागा सूफी संत बाबा शाह मुसाफिरांची दर्गा आहे. चक्की फकिरांच्या, वाटसरूंच्या पिठासाठी होती. आता मजारीकडे पाठ करून फोटो चालतात, हे कोणालाच खुपत नाही?

खामकाठ : खुपतं. पण हौदही सांभाळा. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. हौद कोरडा पडला की चुना तडकतो, पुन्हा भरला की दालन गळतं.

गुलमंडीकर : म्हणूनच पंप लावा! हौदातलं पाणी वर चढवून पात्यांवर सोडा. चाक पाण्यावरच फिरेल.

खामकाठ : हं. आसाला मोटर नको, एवढं तरी मानलंत. पंप चालेल, पण फक्त नहर दुरुस्त होईपर्यंत, आणि 'पाणी पंपाचं आहे' ही पाटी चक्कीपाशीच हवी.

चुनेवाला : पाटीआधी मुळं काढा.