वाचनगटाचे पुढचे पुस्तक ठरवताना बहुमत पुरेसे मानावे का?

कर्दळ (प्रश्न)

आमच्या वाचनगटात आम्ही अकरा जण आहोत आणि दर सहा आठवड्यांनी एकत्र बसून एका पुस्तकावर बोलतो. दोन वर्षे हे सुरळीत चालले, मात्र गेल्या तीन बैठकांपासून पुस्तक पूर्ण वाचून येणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे. मागच्या वेळी तर चौघांनीच शेवटपर्यंत वाचले होते. एका ज्येष्ठ सदस्यांच्या पुस्तकातली खुणेची चिठ्ठी पहिल्या शंभर पानांच्या आतच राहिलेली मला दिसली. चर्चा संपेपर्यंत त्यांनी ते पुस्तक मांडीवर पालथे ठेवले होते आणि एरवी सगळ्यांच्या आधी बोलणारे ते गृहस्थ त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटले, कारण ते पुस्तक मीच सुचवले होते.

पुढच्या बैठकीसाठी तीन पुस्तके समोर आहेत: ६२० पानांची एक अनुवादित कादंबरी, एका स्त्रीचे आत्मचरित्र आणि बारा कथांचा एक संग्रह. हात वर करून मते घेतली तेव्हा कादंबरीला पाच, आत्मचरित्राला चार आणि कथासंग्रहाला दोन मते पडली. रिवाजाप्रमाणे कादंबरी ठरली असे म्हणायला हवे होते, पण तसे जाहीर करायला माझी जीभ रेटली नाही आणि मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. जास्त मते हा निकष पुरेसा मानावा का? आपापल्या गटांत आपण पुस्तक कसे ठरवता, हे सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

त्रिज्या

आपली शंका रास्त आहे. प्रत्येकाला एकच पसंती विचारली, की उरलेल्या पुस्तकांविषयी त्याचे काय मत आहे हे कळायला मार्गच राहत नाही. समजा, कादंबरीवाल्या पाचही जणांची दुसरी पसंती कथासंग्रहाला आहे, आत्मचरित्रवाल्या चौघांचीही तशीच आहे आणि कथासंग्रहवाल्या दोघांची दुसरी पसंती आत्मचरित्राला आहे. आता पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक आणि तिसरीला शून्य असे मोजले, तर कादंबरीला १०, आत्मचरित्रालाही १० आणि कथासंग्रहाला १३ गुण मिळतात. म्हणजे ज्या पुस्तकाला सर्वांत कमी हात वर झाले होते तेच गटाला सर्वाधिक मानवणारे निघते, आणि जे जिंकले ते मात्र अकरापैकी सहा जणांच्या यादीत शेवटी असते. हीच माणसे पुढे पुस्तक अर्धवट सोडतात.

गुण देण्याची ही रीत झां-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली होती आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यातही एक उणीव आहे: आपले आवडते पुस्तक निवडून यावे म्हणून एखादा सदस्य त्याच्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक देऊ शकतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने "हे मी आनंदाने वाचेन" अशा सर्वच पुस्तकांपुढे खूण करावी आणि सर्वाधिक खुणा ज्याला पडतील ते घ्यावे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. कोंदोर्से या विचारवंताने १७८५ मध्येच दाखवून दिले, की प्रत्येक माणसाची पसंती सुसंगत असूनही गटाची पसंती गोल फिरत राहू शकते: बहुमत कादंबरीला आत्मचरित्रापेक्षा, आत्मचरित्राला कथासंग्रहापेक्षा आणि कथासंग्रहाला पुन्हा कादंबरीपेक्षा सरस ठरवू शकते. असे झाले तर दोष कोणाचाच नसतो. तिन्ही पुस्तके पाळीपाळीने घ्यावीत आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा.

पानगळ

त्रिज्या यांचे गणित बिनचूक आहे, पण मत देणाऱ्याला त्या पुस्तकाविषयी काय ठाऊक असते, हा प्रश्न त्याही आधीचा आहे. आमच्या गटात बरीच वर्षे नावावरून, मुखपृष्ठावरून आणि कोणीतरी कुठेतरी केलेल्या स्तुतीवरून मते पडत होती. आता सुचवणाऱ्याने पुस्तक सोबत आणायचे आणि त्यातली दोन पाने सर्वांसमोर मोठ्याने वाचायची, असा दंडक आम्ही घातला आहे. ती पाने सुरुवातीची नसावीत, मधली असावीत, कारण पहिल्या पानावर बहुतेक लेखकांनी खूप मेहनत घेतलेली असते आणि पुस्तकाची रोजची चाल मध्यावरच कळते.

याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. एका सदस्येने फार हिरिरीने सुचवलेल्या पुस्तकाचे दुसरे पान वाचताना ती स्वतःच थांबली, तेच वाक्य तिने पुन्हा वाचले आणि म्हणाली, "हे मला एकटीला आवडेल, पण तुम्हा सगळ्यांना सहा आठवडे हे वाचायला लावणे बरोबर नाही." तिने ते पुस्तक मागे घेतले आणि कोणाचेही मन दुखावले नाही. हातांची मोजणी करून हे साधले नसते.

दुसरे असे, की जो पुस्तक सुचवतो त्यानेच त्या बैठकीची सूत्रे सांभाळावीत. प्रश्न आपल्यालाच तयार करायचे आहेत हे ठाऊक असले, की माणूस विचार करून नाव सुचवतो.

ओसरी

मी फक्त व्यवहाराचे बोलते. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. ६२० पानांची कादंबरी संपवायची तर रोज सरासरी १५ पाने वाचायला हवीत, आणि एका पानाला दोन मिनिटे धरली तर रोजचा अर्धा तास झाला, तोही एकही दिवस न चुकता. पहिला आठवडा पुस्तक मिळवण्यात गेला, तर हाच हिशेब रोज जवळजवळ १८ पानांवर येतो. कादंबरी घ्यायचीच असेल तर ती दोन बैठकांत विभागावी आणि पहिल्या बैठकीत कुठपर्यंत बोलायचे तो प्रकरण क्रमांक आधीच ठरवून द्यावा. पान क्रमांक देऊ नये, कारण आवृत्ती बदलली की पाने बदलतात, आणि ऐकून वाचणाऱ्यांकडे तर पानेच नसतात.

अनुवाद एकाहून अधिक असतील तर सर्वांनी कोणता घ्यायचा हेही ठरवून घ्या. आमच्याकडे एकदा अर्ध्या जणांकडे एक आणि अर्ध्या जणांकडे दुसरा अनुवाद होता, आणि एकाच संवादात एकाची नायिका रागावलेली तर दुसऱ्याची नुसती थकलेली होती. चर्चा रंगली खरी, पण ती अनुवादकांविषयीच होऊन बसली.

सांजवात

वरच्या उत्तरांत पद्धतीविषयी पुष्कळ आले आहे, म्हणून मी पुस्तकांविषयीच लिहितो. गटासाठी चांगले पुस्तक आणि चांगले पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे. जे पुस्तक सर्वांना सारखेच आवडते त्यावर वीस मिनिटांत बोलणे संपते. दोन समंजस माणसे ज्यातल्या एखाद्या पात्राच्या निर्णयावर प्रामाणिकपणे भांडू शकतील, ते पुस्तक गटाला लाभते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी आकाराने लहान आहे, पण बोटीवरच्या त्या काही दिवसांत चक्रधर हेर्टाशी जसा वागतो त्यावर आमच्याकडे तीन तास वाद झाला आणि निघताना लोक जिन्यातही बोलत होते. तेव्हा कमी पानांचे पुस्तक घेतले तर चर्चा उथळ होईल, ही भीती मनातून काढून टाकावी.

आत्मचरित्राच्या बाबतीत एक धोका सांगून ठेवतो. गट पाहता पाहता लेखिकेचा न्यायनिवाडा करू लागतो: तिने घर सोडायला हवे होते का, ती नवऱ्याशी असे का वागली. पुस्तक बाजूला राहते आणि समोर नसलेल्या माणसाची उलटतपासणी सुरू होते. म्हणून पहिला प्रश्न जगण्याविषयी विचारू नये, सांगण्याविषयी विचारावा: ती कोणत्या प्रसंगावर पानेच्या पाने लिहिते आणि कोणता प्रसंग एका ओळीत उरकते? तिथून पुढे चर्चा आपोआप मार्गाला लागते.

कथासंग्रह असेल तर बाराही कथांवर बोलण्याचा हट्ट धरू नये. सर्वांनी दोन कथा दोनदा वाचाव्यात आणि उरलेल्या ज्याला जितक्या जमतील तितक्या वाचाव्यात. ज्याला वेळ मिळाला नाही तोही त्या दोन कथांच्या बळावर तोंड उघडू शकतो. आपल्या त्या ज्येष्ठ सदस्यांचा विचार करता मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

कर्दळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी मी सर्वांकडून कागदावर क्रम लिहून घेतले. त्रिज्या यांनी गृहीत धरले होते तितके चित्र स्पष्ट निघाले नाही: कथासंग्रहाला १२, कादंबरीला ११ आणि आत्मचरित्राला १० गुण पडले. एका गुणाच्या फरकावर कोणाला हरवणे मला पटेना, म्हणून पानगळ यांच्या सूचनेप्रमाणे तिन्ही पुस्तकांतली मधली दोन-दोन पाने वाचली आणि नंतर एवढेच विचारले, की यातले कोणते पुस्तक आपल्याकडून पूर्ण होणार नाही असे वाटते. कादंबरीसाठी पाच हात वर झाले, त्यांतले दोन तिलाच पहिली पसंती देणाऱ्यांचे होते. कथासंग्रहासाठी एकही नाही.

तेव्हा आता कथासंग्रह घेत आहोत, आणि त्यानंतर कादंबरी दोन बैठकांत विभागून घेऊ. सर्वांनी वाचायच्या दोन कथा कोणत्या, हे ठरवण्याचे काम मी त्या ज्येष्ठ सदस्यांवर सोपवले आहे. त्यांनी पुस्तक तिथेच हातात घेतले, अनुक्रमणिका उघडली आणि एका कथेच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. दुसरी कथा रविवारपर्यंत कळवतो म्हणाले आहेत.