सिनेमाची 'वाट' बघतात का?

हुरडा_खाऊ: एक स्टॉप मोशन ॲनिमेशनचा सिनेमा यायलाय (बाहुली जराजरा हलवून एकेक फोटो काढतात ना, तसला), लोकरीच्या बाहुल्यांचा. गोष्ट काय, आवाज कुणाचे, मला काही घेणं नाही, ती लोकर हललेली बघायचीय बस्स. घरी म्हणलो "वाट बघायलोय" तर आई म्हणते वाट माणसाची बघतात नाहीतर पावसाची, सिनेमाची कसली. मग काय म्हणायचं? 'उत्सुकता' पेपरातलं वाटतं.

विजापूर_वेस: आतुर म्हणा.

जुनी_टॉकीज: आतुर म्हणजे मुळात आजारी हो! आतुरालय म्हणजे दवाखाना. अर्थ बदललाय मान्य, पण मला सलाईनच दिसतं. आणि आईंचं पटलं नाही, आपण एस्टीची वाट बघतोच की, पगाराची तर महिनाभर.

शुद्धाक्षर: आधी 'ॲनिमेशन'चं बघा. सचेतनपट हा चांगला शब्द असताना

विजापूर_वेस: सचेतनपट म्हणलं तर पोरं यायचीच नाहीत. आमच्याकडं सगळं कार्टूनच.

शुद्धाक्षर: कार्टून म्हणजे व्यंगचित्र. ॲनिमेशनच्या मुळाशी लॅटिन 'ॲनिमा', श्वास, जीव. आपला 'प्राण' त्याच कुळातला, संस्कृतातला 'अन्' हा धातू म्हणजे श्वास घेणे. 'अनुप्राणन' काय वाईट आहे?

हुरडा_खाऊ: बोलून बघा एकदा, जीभ अडकते. पण प्राणाचं पटलं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, बऱ्याचदा एक पोझ दोन फ्रेम धरतात म्हणजे सेकंदाला १२ वेळा बाहुली हलवायची, म्हणून जरा अडखळल्यासारखी चालते आणि दरवेळी बोटं लागून लोकर थरथरत राहते. १९३३ च्या 'किंग काँग' सिनेमातल्या बाहुलीच्या गोरिलाचे केस असेच हलतात, वारा नाही काही नाही. मला त्याच्यासाठीच जायचंय. त्या थरथरीला शब्द द्या की.

जुनी_टॉकीज: शहारणं. लोकर शहारते.

हुरडा_खाऊ: वा!

शुद्धाक्षर: शहारायला अंग लागतं, लोकरीला कुठलं?

मागवाला: आमचे आजोबा जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, चादरी विणायचे. भोकं पाडलेला एक पुठ्ठा म्हणजे आडवा एक धागा, असे ढीगभर पुठ्ठे फिरले की मोर दिसणार. तुमच्या फ्रेमा त्याच की. आणि चित्रपटातला 'पट' म्हणजे कापड, तेव्हा शब्द आमचा सोलापूरचाच धरा.

शुद्धाक्षर: इथे पट म्हणजे पडदा.

मागवाला: पडदा काय पत्र्याचा असतो का बे?