आटे बसले म्हणजे सेंडर जुळला असं नाही

भाऊ, नवा सेंडर (इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) लावल्यावर जीपच्या तापमान मीटरचा काटा थंड इंजिनातही लालकडे जाऊन राहिला, असं तुम्ही लिहिलं. रेडिएटर खोलायच्या आधी सेंडरची वायर काढून बघा. काटा खाली आला तर सेंडर चुकीचा किंवा खराब. नाही आला तर बहुतेक वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

मला इथे नागपुरात आटे जुळवून दिलेला सेंडर लाइटचा स्विच निघाला, म्हणजे इंजिन फार तापलं की फक्त दिवा लावणारा. ऐन मे महिन्यात काटा हललाच नाही! दिसायला दोन्ही सारखे: पितळी षटकोन, वर एकच टर्मिनल. ओळखायचं मल्टीमीटरने. पातेल्यात पाणी तापवा, सेंडरचं टोक बुडवा, टर्मिनल कोरडं ठेवा. एक प्रोब टर्मिनलला, दुसरा पितळेला. ओहम (विजेचा रोध) हळूहळू उतरत गेले तर मीटरचा सेंडर. बराच वेळ काहीच नाही आणि एकदम शून्याजवळ, तर स्विच. जुना सेंडर फेकला नसेल आणि तो चांगला असेल तर त्याचेही आकडे घ्या, दोन्ही जुळले पाहिजेत.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थिंग तिथूनच मिळतं. आणि मीटरमागून बारीक धातूची नळी निघत असेल तर तो मेकॅनिकल आहे. ती नळी कापू नका, कापली की मीटर गेला.