करंज तेलात नॅनो पावडर चार दिवसांत तळाला बसते, काय करू?

चेंबूर_मेक:
फायनल इयरला आहे, करंज तेलापासून इंजिन ऑइल हा प्रोजेक्ट. विषय मुद्दाम घेतला, आमच्या गल्लीत गॅरेजचं काळं ऑइल गटारात जातं आणि पहिल्या पावसात दारापर्यंत तरंगत येतं, लहानपणापासून बघतोय. झीज कमी व्हावी म्हणून तेलात ०.५ टक्का टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो (अतिसूक्ष्म कणांची) पावडर टाकून अर्धा तास ढवळलं, दुधासारखं झालं, पण चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाला पांढरा थर. १ टक्का केलं तर अजून लवकर बसलं.

अंधेरी_लॅब:
टक्का वाढवू नकोस, कमी कर. कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि गोळा झाला की तो नॅनो राहतच नाही, उलट धातूवर ओरखडे काढतो. नुसतं ढवळून सुटत नाहीत, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र) लागतो, आणि आधी कणांना ओलिइक ॲसिडचा लेप दे. ०.१ पासून सुरू कर, फोर-बॉल टेस्टरवर (तेलात तीन स्टीलच्या गोळ्यांवर चौथी फिरवून झीज बघायचं मशीन) ७५ अंश, १२०० आरपीएम, एक तास चालव आणि खालच्या तीन स्टीलच्या गोळ्यांवरचा झिजेचा डाग मायक्रोस्कोपखाली मोज. आधी नुसत्या तेलाचं रीडिंग घे हं.
पण खरी अडचण वेगळीच आहे. वनस्पती तेल वंगण म्हणून मुळातच चांगलं, धातूला धरून बसतं. मार खातं ते उष्णतेत, तेलाच्या रेणूतल्या डबल बाँडपाशी (कार्बनच्या दुहेरी जोडापाशी) ऑक्सिजन मारा करतो आणि तेल घट्ट, चिकट होत जातं. त्याला अँटिऑक्सिडंट वेगळा लागतो. तांब्याच्या पावडरच्या नादी लागू नकोस, तांब्याने ऑक्सिडेशन वाढतं.

घाटकोपर_गॅरेज:
भावा, बहुतेक बाइकमध्ये क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात हे विसरू नको. एका गिऱ्हाइकाने घर्षण कमी करणारी मॉलिब्डेनमवाली बाटली वरून ओतली, असल्फ्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे जाईना. प्लेटा काढल्या तर काचेसारख्या गुळगुळीत. म्हणून मी डब्यावर जासो एमए (क्लच घसरू नये असं बाइक ऑइलचं मानक) बघूनच ऑइल टाकतो. आणि काळं ऑइल मी ड्रममध्ये साठवून रिसायकलवाल्याला देतो. तुझं करंजाचं असलं तरी वापरल्यावर त्यात काजळी आणि धातू येणारच, ते पण गटारात चालणार नाही.

चेंबूर_मेक:
हे डोक्यातच नव्हतं. मग इंजिन सोडून चेन ल्युब (बाइकच्या चेनचं वंगण) करू का?

अंधेरी_लॅब:
कर. चेनला इंजिनाएवढी उष्णता नाही, आणि ते ल्युब उडून रस्त्यावरच पडतं, पावसात सरळ नाल्यात. जमिनीत कुजून जाणारं तेल हवं ते तिथेच.

घाटकोपर_गॅरेज:
बनव आणि घेऊन ये, माझ्याच गाडीच्या चेनला लावू. ५०० किलोमीटर झाले की काढून बघू.