मौजेचा डबा वेगळा ठेवाच

"महिनाअखेरी उरले तर मौज करायची, वेगळं बजेट कशाला" असं बरेच जण म्हणतात. अहो, पण उरतात कुठे? आमच्याकडे सांगलीत तरी कधी उरले नाहीत, भडंग नि चहातच जातात :)

मला मिरजेचा तंबोरा घ्यायचा होता, कॉलेजपासून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (त्या गावची खास वस्तू असल्याची सरकारी ओळख) मिळालं तेव्हा परत किडा वळवळला. पण घरात गीझर, पोरीची फी, गाडीचा इन्शुरन्स... तंबोऱ्याचं नाव काढायचीच लाज वाटायची. शेवटी बँकेत १५ महिन्यांची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढली, महिना २०००, पगार झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप कट. पोस्टाची नाही घेतली कारण ती ५ वर्षांची, ३ वर्षांआधी मोडताही येत नाही, तोवर हौसच मरायची. ३०००० आणि वर व्याज हातात आल्यावर सतारमेकर गल्लीत गेलो आणि पहिल्यांदाच भाव ऐकून पोटात गोळा आला नाही, उलट तंबोऱ्याला लागणारा मंगळवेढ्याकडचा भोपळा, जवारी (तारांचा गुंजणारा नाद) वगैरे निवांत विचारत बसलो तासभर.

एक मात्र करा, आरडीला नाव द्या. आमच्या वहीत "तंबोरा" असं लिहिलं होतं म्हणून मध्ये फ्रीज बिघडला तरी सौ. म्हणाली, राहू दे, ते पैसे तंबोऱ्याचे आहेत. नुसतं "बचत" लिहिलं असतं तर गेलेच होते.

भिशीतूनही जमतं म्हणा, पण नंबर कधी लागेल काय सांगावं.