शब्दचर्चा : ‘माली बिला दफ्तारी’ आणि कांगेवरच्या म्हणी

डोंबिवलीकर

धाकटा भाऊ दार-ए-सलामला नोकरीला आहे. या वेळी येताना आईसाठी ‘कांगा’ आणली. दोन पंचांएवढं सुती कापड, चारी बाजूंनी काठ, मधे काजूची नक्षी, आणि खालच्या काठाच्या वर एक ओळ छापलेली. लिपी रोमन, भाषा स्वाहिली. आईने चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचलं :

*माली बिला दफ्तारी, हुपोतेआ बिला हबारी.*

वाचून झाल्यावर म्हणाली, “अगं, ही तर आपलीच भाषा दिसतेय. माल, दफ्तर, खबर. मधलं हुपोतेआ तेवढं कळत नाही.” भावाला विचारलं तर “काहीतरी म्हण आहे” इतकंच सांगितलं त्याने. सहा वर्षं झालीत तिथे!

तर प्रश्न दोन. हे शब्द खरंच आपले आहेत का? आणि याच्या जवळ जाणारी मराठी म्हण कोणती?

मोम्बासावाला

ताई, आईंनी बरोबर ओळखलं. मी मोम्बासात बावीस वर्षं एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिले, तेव्हा या म्हणीशी माझं जुनं नातं आहे.

‘माली’ म्हणजे मालमत्ता. ‘बिला’ म्हणजे वाचून, शिवाय. ‘दफ्तारी’ म्हणजे वही, खतावणी. ‘पोतेआ’ म्हणजे हरवणे. त्याच्या मागे ‘हु’ लागला की नेहमी घडणारी गोष्ट होते, आपण ‘हरवतो’ म्हणतो तसं. म्हणींत हा ‘हु’ सारखा भेटतो. सरळ अर्थ : वहीत न मांडलेला माल कळू न देता नाहीसा होतो.

ही कधी वापरतात ते सांगतो. आमच्या दुकानातल्या एका पोऱ्याने ओळखीच्या बाईला दोन ‘दोती’ उधार दिल्या. (कांगांची जोडी म्हणजे एक दोती. ऐकताना धोतर आठवल्याशिवाय राहत नाही.) लिहिलं काहीच नाही, “माझ्या लक्षात आहे” म्हणाला. मालक उठले, मिटलेल्या वहीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि “माली बिला दफ्तारी...” एवढंच म्हणून थांबले. पुढचं पोऱ्याने मान खाली घालून स्वतःच पुरं केलं. तिथली रीतच तशी. अर्धी म्हण मोठ्याने म्हणायची, उरलेली अर्धी ज्याची चूक त्याच्याकडून येते. रागवायचं कामच उरत नाही.

सासवडचे मास्तर

शब्द आपले नाहीत आणि त्यांचेही नाहीत. दोघांनी एकाच घरून उसने आणले, वाटा मात्र वेगळ्या. माल, दफ्तर, खबर हे शब्द मराठीत फारसीच्या हातून आले. स्वाहिलीत ते अरबी व्यापाऱ्यांबरोबर थेट किनाऱ्यावर उतरले. खूण कुठे दिसते? शेवटच्या ‘त’मध्ये. अरबीत बोलताना जो ‘त’ गळतो तो फारसीने बऱ्याच शब्दांत जपला. म्हणून आपल्याकडे बरकत आणि त्यांच्याकडे ‘बराका’, आपल्याकडे हरकत आणि त्यांच्याकडे ‘हराका’.

दुसरी खूण ‘ख’ची. खबरचा ‘ख’ त्यांच्याकडे ‘ह’ झाला. शिवाय तिथे शब्द स्वराशिवाय संपलेला चालत नाही, म्हणून दफ्तरचं दफ्तारी, खबरचं हबारी. गंमत ‘किताब’ची. ‘किताबु’ झाल्यावर त्यातला ‘कि’ त्यांना आपल्याच व्याकरणातला एकवचनी उपसर्ग वाटला. मग अनेकवचन काय? ‘विताबु’!

‘दफ्तर’ तर त्याहून जुनं. मुळात ग्रीक, अर्थ कातडं. पुढे लिहायचं कातडं, मग वही, मग कागदपत्रांचा साठा. पुण्याचं पेशवे दफ्तर त्यातलंच. आणि आपल्या पोरांनी तर ज्या पिशवीत वह्या न्यायच्या त्या पिशवीलाच दप्तर करून टाकलं. मोम्बासातल्या शाळेत दफ्तारी म्हणजे मात्र अजूनही वहीच.

पुण्याची वाचक

‘बिला’ म्हणजे आपला ‘बिन’ का? बिनपगारी, बिनबोभाट?

सासवडचे मास्तर

नाही. ‘बिला’ अरबी, आपल्या ‘बिलाशक’मधला. ‘बिन’चं मूळ ‘विना’कडे जातं. अर्थ एक, घराणी दोन.

डोंबिवलीकर

हरकत आणि हराका एकच? पण हरकत म्हणजे आक्षेप ना?

मोम्बासावाला

मास्तर सांगतीलच, पण मला राहवत नाही. अरबीत मूळ अर्थ हालचाल. स्वाहिलीने त्यातली घाई उचलली, मराठीने अडथळा. तिथली सगळ्यांच्या तोंडी असलेली म्हण आहे ‘हराका हराका हाइना बराका’, म्हणजे घाईघाईला बरकत नाही. मराठी माणूस हे ऐकून ‘हरकती घेत बसलात तर बरकत नाही’ असं समजेल. तेही खोटं नाही म्हणा, सोसायटीच्या मीटिंगा आठवा.

सासवडचे मास्तर

आपल्याकडे ‘अति घाई संकटात नेई’ रस्त्यावरच्या पाटीवर लिहितात. त्यांच्यात घाईने अपघात होत नाही, बरकत जाते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणाऱ्या माणसाला हे ताबडतोब कळेल.

नाशिकचा एक

विषय निघालाच आहे तर मला व्हॉट्सॲपवर आलेल्या सुंदर आफ्रिकन म्हणी देतो. ‘एक मूल वाढवायला अख्खं गाव लागतं.’ ‘लवकर जायचं तर एकटे जा, दूर जायचं तर सोबत जा.’

मोम्बासावाला

दादा, रागावू नका, पण ‘आफ्रिकन म्हण’ म्हणजे कोणत्या भाषेतली? त्या खंडात भाषा हजारांवर आहेत. ‘आशियाई म्हण’ म्हणून कोणी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ छापली तर आपल्याला कसं वाटेल? या फॉरवर्डांत मूळ शब्द कधीच नसतात, आणि मूळ शब्दच नसतील तर या चर्चेत आपण चघळायचं काय?

गावाच्या म्हणीच्या जवळची अस्सल स्वाहिली म्हण मला ठाऊक आहे ती ‘म्कोनो म्मोजा हाउलेइ म्वाना’. एका हाताने मूल सांभाळून होत नाही. यात अख्खं गाव नाही, फक्त एक हात आहे. तान्ह्याला कडेवर घेऊन भाकरी थापलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

नाशिकचा एक

मान्य. ही जास्त आवडली. अजून येऊ द्या.

मोम्बासावाला

पाहुण्याची घ्या. ‘म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला जेम्बे द्या. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 1962 साली ‘उजामा’वरच्या (म्हणजे कुटुंबासारखं वाटून खाणाऱ्या आफ्रिकी समाजवादावरच्या) आपल्या लेखात हीच म्हण घेतली होती. आमच्या समाजात ऐतखाऊपणाला जागा नव्हती, हे त्यांना पटवायचं होतं.

सासवडचे मास्तर

आपल्याकडे : ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली.’ ‘पई’ म्हणजे वाटसरू. दिवसांचा हिशेब तंतोतंत तोच. फरक एवढाच की आपण पाहुण्याची अक्कल काढतो, तीही त्याच्या पाठीमागे. ते त्याला शेतावर नेतात.

पुण्याची वाचक

जेम्बेला मराठीत काय म्हणायचं? एका अनुवादात ‘कुदळ’ वाचलं.

मोम्बासावाला

कुदळीचं तोंड टोकदार, जेम्बेचं पातं रुंद आणि सपाट. दिसायला फावड्याच्या जवळ. पण फावड्याने आपण माती ओढतो, पाटी भरतो. जेम्बेने जमीन खणतात, सरी काढतात, तणही काढतात. नांगर, कुदळ आणि खुरपं, तिघांचं काम एकट्याच्या अंगावर. मी असतो तर ‘जेम्बे’च ठेवला असता आणि पुढच्या वाक्यात पाहुण्याला खणायला लावलं असतं. अगदीच मराठी शब्द हवा तर फावडं. खुरपं नको, त्याने पाहुणा बसून काम करील.

सासवडचे मास्तर

मापांवरची एखादी सांगा. शब्दाइतकीच मापंही लवकर मरतात.

मोम्बासावाला

‘हबा ना हबा हुजाझा किबाबा.’ थोडं थोडं करत किबाबा भरतो. ‘हबा’ म्हणजे मुळात दाणा. किबाबा हे धान्याचं माप, चार किबाबांची एक पिशी.

सासवडचे मास्तर

चार शेरांची एक पायली! शब्दकोशात याच्यापुढे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहून मोकळे होतील. पण तळं पावसाने साचतं, आपण नुसतं बघायचं. किबाबा दाणा दाणा टाकून कुणीतरी भरावा लागतो. मला तर तीच जास्त पटते.

पुण्याची वाचक

पण म्हणी कापडावर का छापतात? नेसणारी बाई सगळ्यांना उपदेश करत फिरते का?

मोम्बासावाला

उपदेश कसला, टोमणा! कांगेवरच्या ओळीला ‘जिना’ म्हणतात, म्हणजे नाव. बायका दुकानात आधी नाव वाचतात, मग रंग बघतात. शेजारणीशी बिनसलं की नेमकं नाव निवडायचं, ती कांगा नेसून तिच्या दारावरून पाणी आणायला जायचं. तोंडातून शब्द नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ला तिथे लेकही लागत नाही, कापड पुरतं. याच कारणाने सासूला कांगा भेट देताना नाव चारदा वाचून घ्यावं.

डोंबिवलीकर

बाप रे. भावाने वाचून घेतली असेल असं वाटत नाही. माझा दुसरा प्रश्न राहिलाच. मराठी म्हण कोणती?

पुण्याची वाचक

‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’?

मोम्बासावाला

ती घेणाऱ्याला सांगितलेली, उधारीवर घेशील तर माप कमी येईल. ही मालकाला आहे.

सासवडचे मास्तर

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.’ नुकसान चालू आहे आणि खबर नाही. ‘बिला हबारी’ अक्षरशः. फक्त आपल्या म्हणीत दोष डोळ्यांचा, त्यांच्या म्हणीत वहीचा. वही विकत मिळते. यमक सांभाळून भाषांतर करायचं तर : *माल बिनदफ्तरी, जाई बिनखबरी.*

मोम्बासावाला

वा मास्तर. ही आमच्या पेढीवर खपली असती.

डोंबिवलीकर

आईला सगळं वाचून दाखवलं. ‘आंधळं दळतं’ तिला पटली. पण तिने कांगेचा उपयोग आधीच सुरू केलाय. भावाचा रविवारचा फोन आला नाही की ती आम्हाला सांगते, “पोरगा हुपोतेआ बिला हबारी.” काल त्याने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती कांगा खांद्यावर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली, ओळ नीट दिसेल अशी. बोलली काहीच नाही.

मोम्बासावाला

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना आणखी काही शिकवायची गरज नाही. पुढच्या फोनला “हबारी?” एवढंच विचारू द्या, तिथे कुशल असंच विचारतात. तो “न्झुरी” म्हणेल, म्हणजे छान. मग वही काढून विचारायचं, मागच्या दोन रविवारांचं काय?